रांग कोणामुळे लांबली?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०११ साली नवरा एच-वनवर, म्हणजे कुशल नोकरीच्या व्हिसावर, इथे आला, पाठोपाठ मी आणि तीन वर्षांची मुलगी. आता ती सतरा वर्षांची आहे. ग्रीन कार्डासाठी आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, ऑगस्ट २०१४ ची. कोणत्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर आला हे सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला आलं की आम्ही दोघं आधी ते बघतो. तारीख कधी दोन आठवडे सरकते, कधी हलत नाही, कधी चक्क मागे जाते.

नवऱ्याचा आतेभाऊ २०१६ मध्ये टुरिस्ट व्हिसावर आला आणि परत गेलाच नाही. एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये रोखीवर काम करतो. गणपतीत जेवायला आला होता. टीव्हीवर कागदपत्रं नसलेल्यांना वर्क व्हिसा द्यावा का, यावर चर्चा चालू होती. तो म्हणाला, ‘वहिनी, असं काही झालं ना, तर एकदा आईला भेटून येईन.’ माझ्या तोंडून गेलं, ‘आम्ही चौदा वर्षं रांगेत उभे आहोत, आणि तुम्ही लोक मागच्या दाराने येऊन आमच्या आधी बसणार!’ तो काही बोलला नाही. अर्धवट जेवलेलं ताट सिंकपाशी नेलं, घासलं, रॅकमध्ये उभं केलं आणि निघून गेला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. नवरा माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आता कळलंय की एका एजंटने त्याला सहा हजार डॉलरमध्ये ‘सहा महिन्यांत वर्क परमिट’ कबूल केलंय. गावाकडे राजकारणातून मारहाण झाली असा अर्ज करायचा आणि नवऱ्याने साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र द्यायचं. नवरा सही करायच्या विचारात आहे, बहुतेक माझ्या बोलण्याची भरपाई म्हणून. मी चुकले का? आणि अशा लोकांना खरंच वर्क व्हिसा द्यावा का? मग ज्यांनी नियम पाळले त्यांनी काय पाप केलं?

– रांगेत उभी

उत्तर :

आधी त्या सहीचं बोलू, बाकी सगळं मागून. नवऱ्याने त्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची नाही, हे आज रात्रीच घरात पक्कं करा. भांडण मिटलेलं नसलं तरी करा.

एजंट जे विकतोय ते वर्क परमिट नाही. तो असायलमचा, म्हणजे आश्रयाचा अर्ज आहे. मायदेशी धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांनी छळ होईल अशी खरी भीती ज्याला आहे, त्याच्यासाठी तो कायदा केला आहे. अर्ज दाखल होऊन काही महिने गेले की निकाल लागेपर्यंत काम करायची परवानगी मागता येते. एजंटचे ‘सहा महिने’ तिथून आले. तो जे सांगत नाही ते असं, की हा अर्ज अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. उशिराला काही अपवाद आहेत, पण ते सिद्ध करावे लागतात, आणि तुमचा दीर आला २०१६ मध्ये. अर्ज मंजूर झाला नाही की स्टेटस नसलेल्या माणसाची फाइल इमिग्रेशन कोर्टात जाते. म्हणजे आज ज्याचं नाव कुठल्याच न्यायाधीशापुढे नाही, तो पदरचे सहा हजार मोजून स्वतःला तिथे नेऊन उभा करणार.

आणि मारहाण झालीच नसेल तर? जाणूनबुजून खोटा अर्ज केला असं न्यायाधीशाने ठरवलं, की इमिग्रेशन कायद्यातला कुठलाही लाभ त्या माणसाला कायमचा बंद होतो. उद्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कागद नसलेल्यांसाठी परमिट सुरू केलं, तरी हा दारातच अडेल. तुम्ही दोघं टीव्हीसमोर ज्या गोष्टीवरून भांडलात, ती प्रत्यक्षात आलीच तर तिच्यावर पाणी सोडायची तयारी तो आत्ताच पैसे देऊन करतोय. तुमच्या नवऱ्याने शपथेवर खोटं लिहून दिलं, तर तो गुन्हा आहे आणि तुमच्या अकरा वर्षं रखडलेल्या फाइलवरही तो येऊन आदळेल. भावाच्या प्रेमापोटी दोघंही आगीतून फुफाट्यात जातील, आणि एजंट मात्र त्याच्या दुकानात बसून असेल.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. हो, तुम्ही चुकलात. पण मी सांगते ती चूक तुम्हाला टोचतेय त्याहून थोडी वेगळी आहे.

त्या मुलाला तुम्ही एरवी ‘तू’ म्हणत असणार. ‘तू कधी येतोस, तू जेवलास का.’ त्या एका वाक्यात तो ‘तुम्ही लोक’ झाला. रांगेचा राग, चौदा वर्षांचा, समजण्यासारखा आहे. पण घरच्या ताटावर बसलेल्या माणसाला ‘लोकां’त ढकललंत, तिथे घाव बसला. त्याने ताट घासून ठेवलं हे तुम्ही पत्रात लिहिलंत, त्याअर्थी तुमच्याही ते डोळ्यांसमोरून हलत नाहीये. आपल्याकडे पाहुणा रागावून उठला तर ताट तसंच टाकून जातो. याने घासलं. किचनमध्ये काम करणाऱ्याचा हात असेल तो. आणि मला वाटतं, आपल्यामागे आपली खरकटी भांडी घासायला कोणी नाही याची इतक्या वर्षांत लागलेली सवयही असेल.

आणि तो काय मागत होता ते पुन्हा वाचा. काम त्याच्याकडे आहे. त्याने आईला भेटून येता येईल का, एवढंच म्हटलं. तो भेटायला का जाऊ शकत नाही हे तुम्हाला माहीत नसेल, कारण एच-वनवाल्यांच्या वाट्याला हा नियम येत नाही. १९९६ साली क्लिंटन यांच्या काळात झालेल्या कायद्यानुसार, जो इथे बेकायदा १८० दिवसांहून जास्त राहिला त्याला देश सोडल्यावर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि वर्षभर किंवा जास्त राहिला तर दहा वर्षं. बंदी लागू होते ती राहिल्याने नाही, बाहेर पडल्याने. ‘परत जा आणि नीट मार्गाने ये’ असं आपण सहज म्हणतो, पण तो परत गेला की कायदा त्याला दहा वर्षं ‘येऊ नको’ म्हणतो. माणसं निघून जावीत म्हणून केलेल्या कायद्याने माणसं इथेच कोंडून ठेवली. मुंबईला जाणाऱ्या विमानाचं तिकीट त्याला परवडत असेलही. परतीचं तिकीट कोणीच विकत नाही.

मागच्या दाराचंही तसंच. तो मागच्या दाराने आला नाही. विमानतळावर रांगेत उभा राहिला, अधिकाऱ्याने पासपोर्ट तपासला आणि आत घेतलं. मग मुदत संपली आणि तो गेला नाही. हा फरक शब्दांचा नाही. तपासणी होऊन आत आलेला माणूस पुढे अमेरिकन नागरिकाशी खरं लग्न करून बसला, तर मुदत उलटून गेलेली असतानाही त्याला इथे राहूनच ग्रीन कार्ड मागता येतं. वाळवंट तुडवत सीमा ओलांडून आलेल्याला बहुतेक वेळा ते जमत नाही. त्याने नियम मोडला, परत जाईन म्हणून व्हिसा घेतला आणि गेला नाही, हे मी झाकणार नाही. तुमच्या रागातला तेवढा भाग रास्त आहे.

पण तो कुठल्या रांगेत उभा राहायला हवा होता? मला तुमच्याकडून याचं उत्तर हवंय, कारण मी शोधलं आणि सापडलं नाही. एच-वनला पदवी लागते. एच-टू-बी हा बिगरशेती हंगामी कामाचा व्हिसा आहे, जगभरासाठी वर्षाला ६६,००० ची मर्यादा, आणि हंगाम संपला की परत. रेस्टॉरंटचं किचन बाराही महिने चालतं. बिनपदवीच्या, अकुशल कामगारांसाठी ग्रीन कार्डाचा एक कोपरा आहे, नोकरीवरच्या कार्डांच्या ईबी-थ्री गटातला ‘अदर वर्कर्स’. साऱ्या जगासाठी वर्षाला फार तर १०,०००, आणि त्यात कुटुंबंही धरलेली. भाऊ नागरिक असला तर सख्ख्या भावाला बोलावू शकतो, तिथेही भारतीयांना पंधरा-वीस वर्षं लागतात. आतेभावासाठी मात्र कायद्यात रकानाच नाही. तुम्हाला निदान तुमच्या रांगेचा नंबर तरी माहीत आहे.

आता तुमची रांग. ती खरंच क्रूर आहे, आणि तिच्यावर मी चार वाक्यं जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या लोकांत तिचा राग नेहमी चुकीच्या पत्त्यावर जातो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० हा आकडा १९९० च्या कायद्याने ठरवला. त्यात नवरा, बायको, मुलं सगळी मोजली जातात. म्हणजे तुमच्या घरच्या एका नोकरीमागे तीन कार्डं खर्ची पडतात. वर प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारताला सात टक्के आणि आइसलंडलाही सात टक्के. १९९० नंतर अमेरिकेने सॉफ्टवेअरसाठी भारतातून माणसं बोलावली, एच-वनचे आकडे वाढवले, कंपन्या वाढल्या, पण हे १,४०,००० आणि हे सात टक्के तिथेच राहिले. २०२५ च्या बुलेटिनांत ईबी-टूची (उच्चशिक्षितांच्या गटाची) भारताची तारीख २०१२-१३ च्या आसपास घुटमळत होती. रांग लांबली ती या गणिताने. या गणितात तुमच्या दिराची जागा कुठेच नाही. तो तुमच्या पुढे नाही आणि मागेही नाही.

वर्क परमिट दिल्याने ती लांबते का? याचं उत्तर घडून गेलेल्या गोष्टीत आहे. १५ जून २०१२ ला ओबामांनी डाका जाहीर केलं. लहानपणी आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांचं, नव्याने करून घ्यायचं काम करण्याचं परमिट. आजवर आठ लाखांहून जास्त मुलांना ते मिळालं. त्याने त्या १,४०,००० मधलं एकही कार्ड कमी झालं नाही, कारण डाका ग्रीन कार्ड देतच नाही. अर्ज तपासणारं खातं तेच आहे, त्यामुळे कामाचा बोजा वाढून सगळ्यांचेच कागद रेंगाळतात ही तक्रार मी मान्य करते. ती माणसं वाढवून सुटते.

उलट एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. २७ जून २०१३ ला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक मोठं विधेयक मंजूर केलं, एस ७४४. चौदा रिपब्लिकन सिनेटरांनी बाजूने मत दिलं होतं. त्यात तुमच्या दिरासारख्यांना दंड, थकलेला कर आणि पार्श्वभूमीची तपासणी या अटींवर तात्पुरता दर्जा आणि कामाची परवानगी होती. ग्रीन कार्डासाठी त्यांना निदान दहा वर्षं थांबायचं होतं, आणि आधीपासून रांगेत असलेल्यांचं काम झाल्याशिवाय त्यांचा नंबर लागणार नव्हता. (त्या विधेयकात ३१ डिसेंबर २०११ आधी आलेल्यांचाच विचार होता, म्हणजे २०१६ चा तुमचा दीर त्यात बसला नसता. पण तत्त्व तेच.) त्याच विधेयकात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची सात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती आणि बायको-मुलांना मोजणीतून वगळलं होतं. कनिष्ठ सभागृहाने ते मतदानाला घेतलंच नाही. तुमची रांग छोटी करणारा कायदा आणि कागद नसलेल्यांना परमिट देणारा कायदा एकाच बाडात बांधलेला होता, आणि ‘यांना माफी नको’ या आरोळीत दोन्ही बुडाले. त्यानंतर वर्षभराने तुमच्या फाइलला प्रायॉरिटी डेट मिळाली.

आता द्यावा का, हा तुमचा दुसरा प्रश्न. विरोध करणाऱ्यांचं सगळं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. १९८६ साली रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. बदल्यात, कागद न पाहता कामावर ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा, असं ठरलं होतं. तुमच्या नवऱ्याने नोकरीला लागताना भरला तो आय-नाइन फॉर्म त्या कायद्याचाच. पण मालकाने कागद बघायचे, खरे की खोटे याची जबाबदारी त्याच्यावर फारशी नाही, असा तो नियम निघाला. खोट्या कार्डांचा धंदा फोफावला, मालक सुटत राहिले, आणि २००७ पर्यंत कागद नसलेल्यांची संख्या एक कोटी वीस लाखांच्या घरात गेली. ‘एकदा माफ केलंत, पुन्हा तेच झालं’ असं कोणी म्हणतं तेव्हा त्याच्या हाताशी ही खरी गोष्ट असते. माझ्या मते तिच्यातला धडा मालकांबद्दलचा आहे, पण धडा आहे हे नक्की.

दुसरा मुद्दा मजुरीचा, आणि तो मला जास्त लागतो. स्वस्तात राबणारे आले की इथल्याच गरीब कामगाराची मजुरी मरते. शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो नावाच्या योजनेत मेक्सिकोतून मजूर कंत्राटावर आणले जात. चावेझ त्या योजनेच्या विरोधात होते, कारण संप झाला की मालक हेच मजूर आणून बसवत. त्या मजुरांना मालक बदलता येत नसे, तक्रार केली की पाठवणी. मजुरी पडते ती माणूस परका आहे म्हणून नाही, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून. हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. नोकरी गेली की दुसरी शोधा नाहीतर निघा (२०१७ पासून त्याला साठ दिवसांची मुदत मिळते), या धाकाखाली तुमच्या घराने चौदा वर्षं काढलीत. बॉसने शनिवारी बोलावलं तर ‘जमणार नाही’ म्हणताना नवऱ्याच्या पोटात गोळा आला असेल तो आठवा. तुमच्या दिराच्या पोटात तो रोज असतो, आणि त्याला साठ दिवसही नाहीत.

म्हणून माझं उत्तर : द्यावा. जी माणसं वर्षानुवर्षं इथे आहेत, गुन्ह्यात नाहीत, काम करतात, त्यांना काम करण्याचं परमिट द्यावं. दंड घ्यावा, थकलेला कर घ्यावा, ग्रीन कार्डाच्या रांगेत तुमच्या पुढे घालू नये. पण ते एका मालकाला बांधलेलं असू नये, नाहीतर ब्रासेरोच पुन्हा. आणि आई आजारी पडली तर जाऊन परत येता आलं पाहिजे. कराचं म्हणाल, तर कागद नसलेले लोक कर भरत नाहीत ही समजूत चुकीची आहे. टॅक्स नंबर घेऊन भरणारे पुष्कळ आहेत, खोट्या सोशल सिक्युरिटी नंबरवर कापून जाणारेही आहेत आणि त्यांना त्याची पेन्शन कधी मिळत नाही. एका करविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये या लोकांनी सगळे मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. रोखीवर राबवून कर बुडवतो तो मालक, आणि परमिट आलं की त्याची ती सोय संपते.

एक आठवण सांगते. एप्रिल २००१ मध्ये मी क्वीन्समध्ये राहत होते. तेव्हा २४५-आय नावाचं एक कलम होतं. घरच्याने किंवा मालकाने ३० एप्रिलपर्यंत अर्ज दाखल केला असेल, तर एक हजार डॉलर दंड भरून, देश न सोडता पुढे ग्रीन कार्ड मागता येणार होतं. शेवटच्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरच्या एका वकिलाच्या ऑफिसबाहेर पहाटेपासून माणसं उभी असायची. पाऊस होता. माझ्यापुढे एक टॅक्सी चालवणारा गृहस्थ होता, त्याने सगळे कागद ब्रेडच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत छातीशी धरले होते. मी माझ्या अगदी सरळ, कायदेशीर कामासाठी गेले होते आणि मला उशीर होत होता, म्हणून मी मनातल्या मनात चिडले होते. मग त्याने मला विचारलं, ‘ताई, आज तारीख कोणती?’ त्याला ती माहीत होती. त्याला कोणाकडून तरी ऐकायचं होतं की अजून वेळ आहे. मी सांगितलं, सत्तावीस. तो म्हणाला, ‘मग आहे.’ त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही. पण या देशाने ‘दंड भर आणि राहा’ हे याआधी कायद्यात लिहिलेलं आहे आणि त्याने काही आभाळ कोसळलं नाही, हे मी पाहिलंय.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तिचं वय. मला वाटतं तुमच्या रागाचं मूळ तिथे आहे. ती एकवीसची होईपर्यंत तुमचा नंबर लागला नाही, तर तिचं एच-फोर, म्हणजे एच-वनवाल्याच्या कुटुंबाचं स्टेटस, संपेल. मुलांचं वय मोजताना काही काळ वजा करून देणारा २००२ चा कायदा आहे, तुमच्या फाइलला त्यातून किती महिने मिळतात ते तुमच्या वकिलाकडून आत्ताच मोजून घ्या. नाहीतर तिला स्वतःच्याच घरात राहून परदेशी विद्यार्थिनी म्हणून एफ-वन व्हिसा घ्यावा लागेल. डाका तिच्या कामाचं नाही. त्यासाठी जून २००७ पासून इथे असायला हवं, आणि शिवाय २०१२ मध्ये डाका जाहीर झालं त्या दिवशी कागद नसायला हवे होते. तुमच्या मुलीकडे कागद होते. ज्यांनी नियम पाळले त्यांनी काय पाप केलं, हा प्रश्न तुमच्या तोंडी आला तो या मुलीसाठी, आणि तो अगदी खरा आहे. अशा मुलांसाठी काँग्रेसमध्ये विधेयकं येत राहतात आणि पडून राहतात. आपल्या खासदाराच्या ऑफिसात फोन करा, मुलीचं नाव-वय सांगून करा, एकदा नाही, दर महिन्याला बुलेटिन येतं त्या दिवशी करा. तो राग तिथे पोहोचायला हवा. तुमच्या स्वयंपाकघरात ऐकणारा माणूस सात टक्क्यांचा कायदा बदलू शकत नव्हता.

आणि हेही ध्यानात घ्या की ती एकवीसची झाली आणि कागद हुकले, तर एका रात्रीत ती आणि तिचा काका कायद्याच्या नजरेत एकाच बाजूला जाऊन उभे राहतील. मुलगी तीच असेल. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या घरात या विषयावर पुन्हा बोलणं निघेल तेव्हा ती ऐकत असेल म्हणून लिहितेय. सतरा वर्षांच्या मुलीला हे सगळं कळतं.

त्याला जेवायला बोलावल्याने आपल्या फाइलला धक्का लागेल का, ही भीती अशा घरांत असते, म्हणून सांगते. नातेवाइकाला घरी जेवू घालणं हा गुन्हा नाही. सरकारपासून लपवून ठेवणं, खोटे कागद करून देणं, आपला सोशल सिक्युरिटी नंबर वापरू देणं, हे गुन्हे आहेत. त्याला आणखी एक गोष्ट बजावून सांगा. कुठेही काम मागताना आय-नाइनवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण करायची नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. त्या एका खुणेला पुढे जवळजवळ कुठलीच माफी नाही.

त्याला खऱ्या वकिलाकडे न्या. राज्याच्या अधिकृत वेबसाइटवर नाव घालून वकिलाचा परवाना पाहता येतो. वकील नसेल तर निदान न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी हवा, या दोघांशिवाय इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार कोणाला नाही. एजंट, कन्सल्टंट, ट्रॅव्हलवाला, ‘आपला माणूस’ यातला कोणीही नाही. वकील कदाचित म्हणेल की आज काहीच करण्यासारखं नाही. तेही सहा हजारांपेक्षा स्वस्त पडेल. पण विचारायच्या गोष्टी आहेत : मालकाने कधी पगार बुडवला का, पासपोर्ट काढून घेतला का, धमकी दिली का, कारण अशा माणसांसाठी टी आणि यू नावाचे व्हिसा आहेत आणि आपल्या लोकांना ते ठाऊक नसतात. २०१६ चा पासपोर्ट, त्यावरचा शिक्का आणि आय-९४, म्हणजे देशात आल्याची नोंद, त्याने सोबत आणावं. हे सगळं खरं सांगायचं, एकही गोष्ट रंगवायची नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं, तेव्हा तुम्हीही ते फोटो पाहिले असतील. त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्या दिवशी तुमच्या दिराने कामावर जाताना काय केलं असेल, भाजी चिरताना दाराकडे किती वेळा पाहिलं असेल, याचा विचार करून मग त्याला फोन लावा.

फोन तुम्हीच करा, नवऱ्याला करायला लावू नका. उचलला नाही तर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप ठेवा, लिहू नका, तुमचा आवाज त्याला ऐकू जाऊ दे. माझं चुकलं म्हणा. त्याला ‘तू’ म्हणा. मग सांगा की दादा सही करणार नाही, त्या माणसाला पैसे देऊ नकोस, वकिलाची वेळ मी घेतली आहे आणि तुझ्याबरोबर मी येणार आहे.